सिलिकॉन डायोडने किरणोत्सार मोजायचा असेल, तर सेन्सर सगळ्यात शेवटी जोडा

साध्या सिलिकॉन फोटोडायोडने किरणोत्सार पकडता येतो हे समजल्यावर बहुतेक जण डायोड, अॅम्प्लिफायर, बॅटरी असं सगळं एका दमात जोडतात आणि ऑसिलोस्कोपवर पल्स शोधायला बसतात. पल्स दिसतातही. पण त्यातले बरेचसे छताच्या पंख्याचे, मोबाइलचे, एलईडी दिव्याचे किंवा डब्याच्या फटीतून शिरलेल्या उजेडाचे असतात. मग महिनाभर मोजणी होते, तक्ते भरले जातात आणि तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारतं, ‘हा पल्स किरणोत्साराचाच कशावरून?’ तिथे गाडी अडते.

हा लेख बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पवाल्यांसाठी, अणुभौतिकीची प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी आणि सोल्डरिंग येणाऱ्या हौशी मंडळींसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी अॅम्प्लिफायर, मग त्याची परीक्षा, मग अंधार, मग सेन्सर, आणि किरणोत्सारी वस्तू अगदी शेवटी. या क्रमाने गेलात तर वरच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं असेल.

आकडे आधी मनात ठसवा

सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे एखाद्या कणाने सेन्सरमध्ये १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा टाकली, तर सुमारे पावणेतीन लाख जोड्या होतात. ऐकायला भरपूर वाटतं, पण हा विद्युतभार भरतो फक्त ४४ फेम्टोकूलॉम. १०० केईव्ही (एक लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) असेल तर साडेचारच्या आत. एवढ्याशा भाराचं नीट मोजता येईल असं व्होल्टेज करायचं, हेच आपलं सगळं काम.

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक पायरीवर लागतील.

लागणारं सामान

- बीपीडब्ल्यू३४ जातीचे तीन-चार पिन फोटोडायोड. एक तरी तापवून खराब होतोच.
- टीएल०७२ किंवा त्याहून कमी गोंगाटाचा (नॉइजचा), जेफेट इनपुटचा ऑप-अँप.
- १ पिकोफॅरॅडचे दोन-तीन कपॅसिटर, सीझीरोजी किंवा एनपीझीरो (तापमानाने किंमत न बदलणाऱ्या) जातीचेच. शिवाय १०, २२, ४७, १०० पिकोफॅरॅडचे एकेक.
- १०० मेगाओहमचा एक रेझिस्टर. न मिळाल्यास १० मेगाओहमचे दहा एका रांगेत जोडा.
- ९ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या.
- एलएम३९३ कम्पॅरेटर, आणि मोजणीसाठी अर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय पिको.
- पत्र्याचा झाकणाचा डबा, तांब्याची चिकटपट्टी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश.
- ऑसिलोस्कोप आणि फंक्शन जनरेटर. स्वतःचा नसेल तर महाविद्यालयातला वापरा. याला पर्याय नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात यातलं बहुतेक सगळं मिळतं. डायोड आणि ऑप-अँप मात्र अधिकृत विक्रेत्याकडून मागवलेले बरे. जुने, बाद झालेले ऑप-अँप नव्या छापाने विकले जातात आणि त्यांचा गोंगाट भलताच निघतो. डबा पत्र्याचा, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेला घ्या, कारण त्याला आतून सोल्डर लागतं. स्टीलच्या आणि अॅल्युमिनियमच्या डब्याला ते सहज लागत नाही, मग अर्थिंगची तार स्क्रूने आवळावी लागते.

कागदपत्रं आणि परवानगी

डायोडला आणि सर्किटला कसलीही परवानगी लागत नाही. प्रश्न येतो तो स्रोताचा. भारतात किरणोत्सारी स्रोत विकत घेणं, बाळगणं, वापरणं हे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतं आणि परवान्यांचं काम त्यांच्या ई-लोरा या पोर्टलवरून चालतं. तुमच्या संस्थेत नोंदणीकृत स्रोत असतील, तर किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी संमती घ्या आणि त्यांच्या देखरेखीखालीच स्रोत हाताळा. संस्थेत असं कुणी नसेल, तर हा विषय तिथेच थांबवा. नवव्या पायरीत सांगितलेल्या वस्तूंवर प्रकल्प पुरा होतो.

धुराचा अलार्म फोडून त्यातलं अमेरिशियम काढण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. ते करू नका. भंगार बाजारातून ‘रेडिअम’ लिहिलेलं जुनं उपकरण आणण्याचाही मोह नको. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं यंत्र फोडलं गेलं, कित्येक जण भाजले आणि एकाचा जीव गेला. फोडणाऱ्यांना आपल्या हातात काय आहे हे माहीतच नव्हतं.

बाकी कागद दोनच: डायोडची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) आणि ऑप-अँपची डेटाशीट. दोन्ही छापून वहीत चिकटवा.

१. डायोड किती खोल पाहतो ते काढा

बीपीडब्ल्यू३४चं क्षेत्रफळ साधारण ७.५ चौरस मिलिमीटर असतं. किरणांनी टाकलेली ऊर्जा पटकन आणि पूर्ण गोळा होते ती मात्र डिप्लीशन थरातच, म्हणजे डायोडच्या जोडाजवळच्या मोकळे भार नसलेल्या भागातच. त्याची जाडी डेटाशीटमध्ये सरळ दिलेली नसते, पण कपॅसिटन्सवरून काढता येते. सिलिकॉनचा परावैद्युतांक सेंटिमीटरला १.०४ पिकोफॅरॅड. त्याला क्षेत्रफळाने (०.०७५ चौरस सेंटिमीटर) गुणा आणि कपॅसिटन्सने भागा. डेटाशीट सांगते की बायस (डायोडला दिलेलं उलटं व्होल्टेज) नसताना ७० पिकोफॅरॅड, म्हणजे थर जेमतेम ११ मायक्रोमीटर. ३ व्होल्टला २५ पिकोफॅरॅड, म्हणजे ३१ मायक्रोमीटर. बायस आणखी वाढवला की थर ५०-६० मायक्रोमीटरपर्यंत जातो.

हे पाच मिनिटांचं गणित पुढचे कितीतरी गैरसमज आधीच दूर करतं.

म्यूऑन (अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण) दिसतील ही आशा सोडा. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन येतो. आपल्या डायोडच्या वाट्याला तासाला चार-पाच. त्यातही ५५ मायक्रोमीटर थरात म्यूऑन बहुतेक वेळा १५ केईव्हीच्या आसपासच ऊर्जा टाकतो, आणि घरगुती सर्किटच्या गोंगाटात ती बुडून जाते.

गॅमा किरणांचा सुंदर स्पेक्ट्रम मिळेल हीसुद्धा आशा नको. ६० केईव्हीच्या गॅमांपैकी शंभरातला एकही या पातळ थरात पूर्ण शोषला जात नाही. त्याहून जास्त ऊर्जेचे गॅमा कॉम्पटन पद्धतीने एखादा इलेक्ट्रॉन उडवतात, आणि तोही उरलेली ऊर्जा घेऊन थराबाहेर निघून जातो.

अल्फाचं, म्हणजे हेलियमच्या केंद्रकाचं, गणित वेगळं. अमेरिशियमचा ५.५ एमईव्हीचा अल्फा सिलिकॉनमध्ये २८ मायक्रोमीटरवर थांबतो, म्हणजे थर त्याला पुरतो. पण बीपीडब्ल्यू३४वरचं पारदर्शक प्लास्टिक त्याला आत येऊच देत नाही. त्यासाठी बीपीएक्स६१सारखा धातूच्या टोपीचा डायोड घेऊन काच काढावी लागते, आणि मग केसाएवढी बाँड वायर उघडी पडते. पहिल्या प्रकल्पाला हे काम घेऊ नका.

उरला बीटा, म्हणजे वेगाने बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन. हा डायोड बीटासाठीच चांगला आहे, आणि तोच आपण मोजणार आहोत.

२. चार्ज अॅम्प्लिफायर बांधा, डायोड न लावता

रचना सोपी आहे. ऑप-अँपचा इन्व्हर्टिंग इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये १ पिकोफॅरॅडचा कपॅसिटर, त्याला समांतर १०० मेगाओहमचा रेझिस्टर. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट ग्राउंडला. पुरवठा दोन बॅटऱ्यांनी अधिक-उणे ९ व्होल्ट. आत आलेला सगळा भार त्या १ पिकोफॅरॅडवर जमा होतो, म्हणून १ फेम्टोकूलॉमला १ मिलिव्होल्ट. रेझिस्टर तो भार हळूहळू रिता करतो: १०० मेगाओहम गुणिले १ पिकोफॅरॅड, म्हणजे १०० मायक्रोसेकंद.

एकाच बॅटरीवर सर्किट चालवून ऑप-अँपचा इनपुट मध्यावर धरण्याची युक्ती प्रचलित आहे. ती चालते, पण मग डायोडला बायस मिळतो फक्त साडेचार व्होल्टचा. दोन बॅटऱ्या घ्याच.

ब्रेडबोर्ड इथे चालत नाही. त्याच्या शेजारच्या दोन ओळींमध्येच दोन-चार पिकोफॅरॅड असतात, मग तुमच्या १ पिकोफॅरॅडला काय अर्थ राहिला? तांब्याच्या सलग पत्र्यावर सर्किट बांधा. ऑप-अँपचा दोन नंबरचा पाय वर वाकवून हवेत ठेवा आणि फीडबॅकचा कपॅसिटर, रेझिस्टर, पुढे डायोडची तार हे सगळं त्या हवेतल्या पायालाच सोल्डर करा. दिसायला ओबडधोबड दिसेल, पण या एका जोडावर १०० मेगाओहम टिकवायचे असतील तर हवेसारखा इन्सुलेटर नाही.

सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स अल्कोहोलने आणि ब्रशने घासून काढा, मग बोर्ड तासभर कोरडा होऊ द्या. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत काम करत असाल तर हे डोळ्यांत तेल घालून करा. दमट हवेत फ्लक्सचा पातळ थरही वीज वाहून नेतो. सकाळी चालणारं सर्किट संध्याकाळच्या सरीनंतर भरकटू लागलं, तर तिथेच पाणी मुरतंय असं समजा. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

३. टेस्ट पल्स द्या

संपूर्ण लेखातली एकच पायरी पाळणार असाल, तर ही पाळा.

दुसरा १ पिकोफॅरॅडचा कपॅसिटर घ्या. त्याचं एक टोक त्याच हवेतल्या पायाला, दुसरं फंक्शन जनरेटरला. जनरेटरवरून १०० हर्ट्झची चौकोनी लहर द्या. बहुतेक जनरेटर १० मिलिव्होल्टची स्वच्छ लहर देत नाहीत, म्हणून १ व्होल्ट घेऊन ५ किलोओहम आणि ५० ओहम असा विभाजक लावा. व्होल्टेजचा शंभरावा हिस्सा मिळेल.

आता हिशोब: १० मिलिव्होल्टची उडी गुणिले १ पिकोफॅरॅड म्हणजे १० फेम्टोकूलॉम, म्हणजे सुमारे ६२ हजार इलेक्ट्रॉन, म्हणजे सिलिकॉनमधले साधारण २२५ केईव्ही. ४४ मिलिव्होल्टची उडी दिलीत की १ एमईव्ही. कुठलाही स्रोत नसताना तुमच्या टेबलावर ऊर्जेचं माप तयार झालं.

ऑसिलोस्कोपवर काय दिसायला हवं ते सांगतो. लहरीच्या चढत्या कडेला आउटपुट झपकन खाली जातं. टीएल०७२ असेल तर उतरायला काही मायक्रोसेकंद लागतात. मग ते १०० मायक्रोसेकंदांच्या घसरत्या शेपटीने परत शून्यावर येतं. उतरत्या कडेला हेच चित्र उलटं. डायोड पुढे ज्या दिशेने जोडायचा आहे, त्याचे पल्स चढत्या कडेच्या पल्ससारखे खाली जाणारेच येतील. शेपटी लवकर संपत असेल तर रेझिस्टरला कुठेतरी गळती आहे. बोर्ड पुन्हा धुवा. उंची अपेक्षेपेक्षा कमी असेल तर फीडबॅकला तारांचा छुपा कपॅसिटन्स मिळतोय. तारा आखूड करा.

१ पिकोफॅरॅडच्या कपॅसिटरवर पाव पिकोफॅरॅडची सूट (टॉलरन्स) छापलेली असणं नेहमीचं आहे, म्हणजे तुमचं मापच २५ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतं. चांगला एलसीआर मीटर मिळाला तर त्यावर मोजा, नाहीतर अहवालात ही अनिश्चितता स्पष्ट लिहा. लिहिणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत, लपवणाऱ्याचे जातात.

४. शेपर

चार्ज अॅम्प्लिफायरच्या पल्सची शेपटी लांब असते आणि उंची फारच कमी. त्यामुळे पुढे शेपर, म्हणजे पल्सला आटोपशीर आकार देणारे कपॅसिटर-रेझिस्टरचे फिल्टर, एक सीआर आणि एक आरसी, दोन्ही १० मायक्रोसेकंदांचे, आणि एकूण शंभरपट गेन लावायचा. शंभरपट एकाच टप्प्यात घेऊ नका. टीएल०७२ची एकूण ऐपत (गेन गुणिले बँडविड्थ) ३ मेगाहर्ट्झ; शंभराने भागल्यावर उरतात ३० किलोहर्ट्झ आणि तुमचा शेपर आपोआप बदलून जातो. दहा-दहाचे दोन टप्पे करा. सीआर-आरसीमध्ये शिखराची उंची ३७ टक्केच उरते हेही हिशोबात धरा. ६० केईव्हीचा पल्स शेवटी १०० मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवा.

शेपटीमुळे पल्सनंतर रेषा थोडी शून्यापलीकडे जाते. ते घालवायला पोल-झीरो नावाचा एक जादा रेझिस्टर असतो. सेकंदाला हजारो पल्स मोजायचे नसतील तर तो लागत नाही.

५. गोंगाट इलेक्ट्रॉनांत मोजा

टेस्ट पल्स बंद करा. शेपरच्या आउटपुटचं आरएमएस व्होल्टेज वाचा. तिसऱ्या पायरीवरून एका इलेक्ट्रॉनला किती व्होल्ट हे तुम्हाला माहीत आहेच, भागा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या सर्किटचा गोंगाट, इलेक्ट्रॉनांत.

आता इनपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० पिकोफॅरॅड लावा, पुन्हा मोजा. मग २२, ४७, १००. आलेख काढा. कपॅसिटन्स वाढला की गोंगाट वाढतो, आणि मोठ्या किमतींना आलेख जवळजवळ सरळ रेषेत जातो. टीएल०७२चा व्होल्टेज गोंगाट १८ नॅनोव्होल्ट (दर √हर्ट्झ) धरला तर १० मायक्रोसेकंदांच्या शेपरला दर पिकोफॅरॅडमागे तीस-पस्तीस इलेक्ट्रॉन पडतात. म्हणजे डायोड, ऑप-अँपचा इनपुट आणि तारा मिळून ६० पिकोफॅरॅड झाले तर दोन हजार इलेक्ट्रॉन, अर्थात सात केईव्हीच्या वर. ४-५ नॅनोव्होल्टचा ऑप-अँप घेतला तर हा भाग चौथाईवर येतो. जास्तीचे पैसे कुठे घालावेत असं कुणी विचारलं, तर मी आधी ऑप-अँपकडे बोट दाखवेन.

गोंगाटाचा दुसरा भाग गळतीच्या करंटचा. इथे एक सोपा ठोकताळा आहे: ५० मिलिव्होल्टला रेझिस्टरने भागा. येणारा करंट जेवढा गोंगाट करेल तेवढाच तो रेझिस्टर करतो. १० मेगाओहमचा रेझिस्टर म्हणजे ५ नॅनोअँपिअर गळतीएवढा उपद्रव. बीपीडब्ल्यू३४ची स्वतःची गळती १० व्होल्टला साधारण २ नॅनोअँपिअर असते, म्हणजे १० मेगाओहम लावला तर डायोडपेक्षा रेझिस्टरच जास्त त्रास देतो. १०० मेगाओहमचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

हा आलेख काढल्यामुळे डायोड जोडण्याआधीच तुम्हाला कळलेलं असतं की जोडल्यावर गोंगाट किती असायला हवा. त्याहून जास्त आला तर कारण दोनच: उजेड किंवा गळती.

६. अंधार करा

१००० लक्स उजेडात, म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावर, या डायोडमधून ५० मायक्रोअँपिअर वाहतात. त्याचा हजारावा हिस्सा, म्हणजे ५० नॅनोअँपिअर, १०० मेगाओहमवर पडले तरी ५ व्होल्ट होतात. त्यामुळे ‘बऱ्यापैकी अंधार’ इथे चालत नाही.

पत्र्याचा डबा उजेड अडवतो आणि बाहेरचे विद्युत अडथळेही. ज्या बाजूने बीटा आत घ्यायचे तिथे १० मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यावर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा एक पदर तांब्याच्या चिकटपट्टीने चारही बाजूंनी बसवा. बीटाला हा पदर फारसा जड नाही. फॉइल आधी दिव्यासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. काळ्या प्लास्टिकवर आणि काळ्या चिकटपट्टीवर विसंबू नका. डोळ्याला काळं दिसणारं पुष्कळसं प्लास्टिक इन्फ्रारेडला पारदर्शक असतं, आणि सिलिकॉनला इन्फ्रारेड उत्तम दिसतं.

डब्यात सिग्नल दाखवणारा एलईडी बसवू नका. केबलच्या भोकातूनही उजेड येतो.

डबा बंद झाल्यावर चार्ज अॅम्प्लिफायरच्या आउटपुटचं डीसी व्होल्टेज पाहत टॉर्च सगळ्या कडांवरून हळूहळू फिरवा. ही चाचणी खरी होते ती डायोड जोडल्यावर, म्हणून पुढच्या पायरीत ती पुन्हा करायची आहे.

७. आता डायोड जोडा

अॅनोड हवेतल्या पायाला. कॅथोड १ मेगाओहममधून बायसच्या धन टोकाला, आणि कॅथोडपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरॅड. कॅथोडची खूण कुठे आहे हे डेटाशीटवरूनच पाहा. उलटा जोडलात तर डायोड फॉरवर्ड होतो आणि आउटपुट पुरवठ्याला चिकटून बसतं.

बायससाठी ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एका रांगेत, म्हणजे २७ व्होल्ट, चांगले. त्याआधी रिव्हर्स व्होल्टेजची मर्यादा वाचा. एका कंपनीच्या बीपीडब्ल्यू३४ला ६० व्होल्ट चालतात. त्याच नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या डायोडची मर्यादा जवळपास निम्मी आहे.

बायस दिल्यावर पाच मिनिटं थांबा, मग डीसी मोजा. २ नॅनोअँपिअर गळती असेल तर १०० मेगाओहमवर उणे ०.२ व्होल्ट यायला हवेत. टॉर्च फिरवा, हा आकडा हलता कामा नये. मग गोंगाट मोजा आणि पाचव्या पायरीतल्या आलेखाशी ताडून पाहा.

सिलिकॉनची गळती दर सात-आठ अंशांना दुप्पट होते. २५ अंशांवरची २ नॅनोअँपिअर गळती मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडच्या ४५ अंशांच्या खोलीत १२च्या आसपास जाते. एकाच दिवशी सकाळी आणि दुपारी वेगवेगळे आकडे आले तर आधी तापमान पाहा. वहीत प्रत्येक मोजणीपुढे तापमान लिहायची सवय लावा.

डब्यावर नखाने टिचकी मारा. भलामोठा पल्स येईल. बायस असलेली तार कंपली की तिचा कपॅसिटन्स बदलतो आणि भार इनपुटवर ढकलला जातो. तारा आखूड करा, कॅथोडची जोडणी गोंदाने पक्की करा, डब्याखाली फोम ठेवा, मोजणीच्या वेळी पंखा बंद करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला. इन्व्हर्टर चालू असताना केलेली मोजणी अहवालात घेऊ नका.

८. थ्रेशोल्ड आणि मोजणी

गोंगाटाच्या आरएमएसच्या पाचपटीवर कम्पॅरेटरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखालचे पल्स मोजायचे नाहीत ती पातळी, ठेवा. टीएल०७२ला हे ३५-४० केईव्हीच्या घरात येतं. तो केईव्हीत लिहा. ‘पॉट अर्ध्यावर’ असं लिहून दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग करता येणार नाही.

कम्पॅरेटर पलटी मारताना त्याची तीव्र कड अॅम्प्लिफायरकडे परत येते आणि एका पल्सचे दोन-तीन पल्स मोजले जातात. एलएम३९३ला थोडा हिस्टरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत फरक) द्या, त्याचा पुरवठा वेगळा ठेवा, आणि प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पल्सनंतर १ मिलिसेकंद कान बंद ठेवा. बझर तर नकोच. त्याच्या आवाजानेच डबा कंपतो.

पिकोचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग) सेकंदाला ५ लाख नमुने घेतो, म्हणजे १० मायक्रोसेकंदांच्या शेपरच्या शिखरावर चार-पाच नमुने सहज मिळतात. एडीसीला फक्त धन व्होल्टेज चालतं, तेव्हा शेपरच्या एका टप्प्यात सिग्नल उलटवून घ्या आणि ३.३ व्होल्टच्या वर जाणार नाही असा डायोड लावा. पल्सची उंची साठवता आली तर जरूर साठवा. नुसत्या आकड्यांपेक्षा उंचीचा वितरण-आलेख बरंच जास्त सांगतो: गोंगाट थ्रेशोल्डला चिकटून गर्दी करतो, खरे बीटा लांबवर पसरतात.

९. स्रोत

कृषी सेवा केंद्रात मिळणारं म्युरिएट ऑफ पोटॅश हे मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड आहे. निसर्गातल्या प्रत्येक पोटॅशियममध्ये थोडं पोटॅशियम-४० असतं. त्याच्या दहापैकी जवळपास नऊ विघटनांत बीटा निघतो, जास्तीत जास्त १.३ एमईव्हीचा. या खताच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे १५ विघटनं होतात. शेतकरी हे पोत्यांनी हाताळतात, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. पातळ पिशवीत सेंटिमीटरभर जाडीचा थर करून डब्याच्या फॉइल लावलेल्या खिडकीला टेकवून ठेवा. जाडी आणखी वाढवून काही मिळत नाही, खालच्या थरातले बीटा वर पोचतच नाहीत.

इथे धीर लागतो. आपला डायोड नखापेक्षा लहान आहे, त्यामुळे मिनिटाला मोजकेच बीटा त्यावर पडतात आणि त्यातलेही काहीच थ्रेशोल्ड ओलांडतात. चार डायोड समांतर जोडले तर क्षेत्र चौपट होतं, पण कपॅसिटन्सही चौपट. तो सौदा परवडतो का हे पाचव्या पायरीतल्या आलेखावरून ठरवा. मी एकच डायोड आणि रात्रभराची मोजणी असा मार्ग सुचवेन.

जास्त सिग्नल हवा असेल तर वेल्डिंगच्या दुकानातले लाल टोकाचे टिग टंगस्टन रॉड आणा. त्यांत सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं. चार-पाच रॉड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून खिडकीपाशी ठेवा. अल्फा पिशवीत अडतील, बीटा बाहेर येतील. त्यांना घासू नका, कापू नका, धार लावू नका. थोरियमची धूळ श्वासात जाणं हाच यातला खरा धोका. काम झाल्यावर हात धुवा.

मोजणी आलटून पालटून करा: रिकामी पिशवी, खत, रिकामी पिशवी, खत. सगळी रिकामी मोजणी रात्री आणि सगळी खताची दुपारी केली, तर फरक खताचा की तापमानाचा हे सांगता येणार नाही. रिकाम्यासाठी त्याच जाडीचं साधं मीठ भरलेली पिशवी सर्वांत उत्तम, कारण बाकी सगळं तेच राहतं आणि पोटॅशियम तेवढं जातं.

मोजणी म्हणून आलेल्या कुठल्याही आकड्याची अनिश्चितता त्याच्या वर्गमुळाएवढी. मिठासमोर १०० आणि खतासमोर १६० पल्स आले, तर फरक ६० आणि त्याची अनिश्चितता २६०चं वर्गमूळ, म्हणजे १६. पावणेचारपट; ठाम म्हणता येईल. १०० आणि ११५ आले तर काहीच म्हणता येणार नाही, अजून एक रात्र मोजा.

१०. पुढचा सेन्सर

हे सगळं जमल्यावर हामामात्सू कंपनीचा एस३५९०-०९ हा डायोड घ्यावा असं मला वाटतं. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्र, ०.३ मिलिमीटर जाडी, वर काच किंवा प्लास्टिकची खिडकीच नाही. त्याला ७० व्होल्ट बायस लागतो आणि तेव्हा कपॅसिटन्स ४० पिकोफॅरॅडच्या आसपास असतो. म्हणजे क्षेत्र तेरापट, पण पाचव्या पायरीतल्या आलेखावर तुम्ही फारसे पुढे सरकत नाही. या जाडीत म्यूऑन ८०-८५ केईव्ही टाकतो, तेव्हा मिनिटाला एक म्यूऑन खरोखर दिसू लागतो. पृष्ठभाग उघडा असल्याने त्याला बोट, ब्रश, अल्कोहोल काहीही लावू नका.

मोठ्या प्रयोगांची साखळीही हीच असते. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगाच्या प्रीशॉवर या भागासाठी ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर सुमारे हजार सिलिकॉन सेन्सर तयार केले, प्रत्येकावर ३२ पट्ट्या. सीएमएसच्या ट्रॅकरमधल्या एपीव्ही२५ चिपवर १२८ वाहिन्या आहेत आणि प्रत्येक वाहिनीत तुमच्या टेबलावर आहे तेच: चार्ज अॅम्प्लिफायर आणि सीआर-आरसी शेपर, फक्त १० मायक्रोसेकंदांऐवजी ५० नॅनोसेकंदांचा. त्या चिपचा गोंगाटही ‘इतके इलेक्ट्रॉन, अधिक दर पिकोफॅरॅडमागे इतके’ असाच लिहितात. अशा एखाद्या गटात प्रकल्पासाठी अर्ज करणार असाल, तर अर्जाला तुमचा पाचव्या पायरीतला आलेख जोडा.